पाण्यात भिजवलेले दांडे

हे लिहायला बसलो खरा, पण कुऱ्हाडीच्या दांड्यांविषयी आणि कानशींविषयी मी काही सांगावे एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. ज्यांची हयात रानात गेली त्यांना यातले माझ्या शंभरपट ठाऊक आहे. मी रानात होतो ते जेमतेम सहा महिने. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहिता येते म्हणून लिहावे, असा मोह मला होतो की काय, अशी शंका माझी मलाच येते. तसे असेल तर वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अभ्यासात लक्ष घालता येईना, एवढेच माझे कारण आहे.

आमचे गाव कान्ह्याच्या पलीकडे. घरी भाताची खाचरे, दोन बैल, आणि कोयते, कुऱ्हाडी, कुदळी अशी सगळी हत्यारे. पण मी इंग्रजी शाळेत जाऊ लागल्यापासून वडिलांनी मला त्यांतल्या एकाला हात लावू दिला नाही. कोयत्याला धार लावताना जवळ जाऊन बसलो तरी म्हणायचे, "तू पुस्तक धर. हे करायला आमी हाय." त्यांचा हेतू चांगला होता. परिणाम मात्र असा झाला की एकोणीस वर्षांचा झालो तरी कुऱ्हाडीला दांडा बसवणे मला येत नव्हते, आणि मावळातल्या माणसाला हे येत नाही, असे कुणाच्या मनातही येत नसे.

पुण्यास दुसऱ्या वर्षाला असताना मला हिवतापाने धरले आणि टर्म बुडाली. पुढच्या जूनपर्यंत करायचे काय, हा प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, उंचावरच्या हवेत राहा. लोणावळ्याचे एक ठेकेदार वडिलांच्या ओळखीचे होते. त्यांनी खंडाळ्याच्या मागे, राजमाचीच्या वाटेवर, एक कूप घेतले होते. सरकार जंगलाचा एक तुकडा आखून तोडायला देते, त्याला कूप म्हणतात. तिथे हत्यारांची कोठी सांभाळायला आणि तोडलेल्या लाकडांची नोंद ठेवायला त्यांना माणूस हवा होता.

"शेतकऱ्याचा मुलगा आहेस, वर शिकलेला आहेस," ते म्हणाले. "तुला दोन्हीकडचे येत असणार."

मला वाटले, नाही म्हणावे. पण मी मान हलवली.

पौषात मी वर गेलो. कारवीच्या कुडाची एक खोपी, तिच्यात अर्ध्या भागात हत्यारे आणि अर्ध्यात मी. तोडणारी माणसे पवन मावळातली होती. भाताची झोडणी उरकून ती कुटुंबासह येत आणि अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला परत जात. त्यांची पालं ओढ्याच्या पलीकडे होती. दिवसभर माझ्याशी कुणी बोलायचे कारण नसे. सकाळी हत्यारे न्यायला येत, संध्याकाळी ठेवायला येत, आणि मधल्या वेळात मला दुरून कुऱ्हाडींचा आवाज येई. घाटातून विजेच्या इंजिनाचा भोंगा ऐकू आला की मला वाटे, ही पुण्याला चाललेली गाडी असेल. माझ्याबरोबरची मुले या वेळी कुठल्या वर्गात बसली असतील, हे मी घड्याळ नसतानाही ठरवत असे.

माणसांनी माझे नाव 'कालेज' ठेवले होते.

"ए कालेज, कानस कुटं हाय?"

"फळीवर आहे."

"फळीवर न्हाई. तुज्या बुकाखाली असंल, बघ."

आणि ती खरोखरच पुस्तकाखाली निघे.

त्यांच्यात एक आबा होते, पन्नाशीच्या पुढचे, बोलायला कमी. मला जे थोडे आले ते त्यांच्यामुळे. मी कानस पुढेमागे खसाखसा घासत होतो, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. "फुडं जाताना दाब. मागं येताना उचल. मागं घासलीस तर कानशीचं दात मरत्यात." दोनमाणशी करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. एकाच बाजूच्या दातांना जास्त धार लागली तर करवत त्या बाजूला ओढते आणि काप वाकडा जातो, हेही त्यांनीच दाखवले. ठेकेदारांचे जुने बूट वाळून लाकडासारखे झाले होते. त्यांना करंजेल चोळून सावलीत ठेवायला सांगितले. शेकोटीजवळ ठेवले असते तर ते तडकले असते. आबांची बायको, जिला मी मावशी म्हणे, फांद्या वेचून मोळ्या बांधण्याचे काम करी. आबा मला शिकवू लागले की ती दुरून म्हणे, "शिकवा, शिकवा. उद्या सायेब झाला की तुमाला वळखायचा न्हाई."

"न्हाई वळखला तर न्हाई वळखला," आबा म्हणत. "कानस तर वळखंल."

ठेकेदारांनी त्या वर्षी डझनभर विलायती कुऱ्हाडी आणल्या होत्या. आपल्याकडे गावचा लोहार जी कुऱ्हाड करतो तिच्यात दांडा वरून घालतात. दांड्याचे वरचे टोक जाड ठेवलेले असते, त्यामुळे फटका मारताना पाते बाहेर ओढले गेले तरी ते आणखीच घट्ट बसते. विलायती कुऱ्हाडीचे तसे नसते. तिच्यात दांडा खालून घालतात, वरच्या टोकाला चीर देतात आणि त्या चिरेत पाचर ठोकतात. पाचर नीट असेल तोवर पाते जागेवर. पाचर ढिली झाली की ते धरून ठेवायला काही नाही. पण पोलाद उत्तम होते. एकदा धार लावली की तीन-चार दिवस पाहावे लागत नसे. सुरुवातीला कुणी त्यांना हात लावीना. आबा आपली गावची कुऱ्हाड सोडायला तयार नव्हते. मीच त्यांना गळ घातली. पेटीवर जे इंग्रजीत छापले होते ते मराठीत सांगितले, आणि ते ऐकून नव्हे तर माझे मन राखावे म्हणून, असे मला आता वाटते, त्यांनी एक उचलली.

फाल्गुनात ऊन वाढले आणि दांडे वाळून आखडू लागले. बारापैकी सात-आठ कुऱ्हाडींची पाती हलू लागली. अशा वेळी करायचे काय, ते आज मला ठाऊक आहे. जुनी पाचर काढायची, दांडा तासून पुन्हा बसवायचा आणि नवी, सुकी, थोडी जाड पाचर ठोकायची. एका कुऱ्हाडीला अर्धा प्रहर लागतो. मला ते येत नव्हते, आणि येत नाही हे सांगायची लाज वाटत होती. म्हणून मी एक युक्ती काढली. लाकूड पाण्याने फुगते, हे कुणाला ठाऊक नाही? खोपीबाहेर पाण्याचे लाकडी पिंप होते. संध्याकाळी कुऱ्हाडी आल्या की मी त्या पात्याकडून पिंपात बुडवून ठेवू लागलो. सकाळी दांडे फुगलेले आणि पाती घट्ट.

माणसे खूष झाली. मुकादम म्हणाला, "शिकल्यालं डोकं ते. आमी पाचरी ठोकत बसलू असतू."

आबांनी तेवढे दांड्यावरून बोट फिरवून पाहिले. "पान्यानं फुगल्यालं किती टिकनार, बाळा?"

"मी रोज भिजवीन, आबा."

"रोज?"

"रोज."

त्यांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली. त्यांना जे कळत होते ते मला पुढे उमगले, आणि कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो. भोकात अडकलेले लाकूड फुगते तेव्हा त्याला पसरायला जागा नसते. ते लोखंडावर दाबले जाते आणि त्याचे तंतू चिरडतात. मग ते वाळले की पूर्वीपेक्षाही बारीक होते. दर खेपेला दांडा आधीपेक्षा ढिला होत जातो, आणि दर खेपेला पाणी ते झाकते. महिनाभर मी रोज संध्याकाळी त्या कुऱ्हाडी बिघडवत होतो आणि रोज सकाळी त्या दुरुस्त आहेत, असे समजत होतो.

चैत्रात एक दिवस मी लोणावळ्याला गेलो. जूनमध्ये मला पुन्हा वर्गात घेणार की नाही, हे विचारायला मी वर्गातल्या एका मित्राला लिहिले होते. त्याचे उत्तर पोस्टात आले आहे का, ते पाहायचे होते. उत्तर आले नव्हते. मी लगेच परतायला हवे होते. पण स्टेशनावर जाऊन बसलो. पुण्याच्या दोन गाड्या गेल्या. कुणी ओळखीचे दिसेल, असे उगाचच वाटत होते. तीन महिन्यांत माझ्याशी पुस्तकातले एक वाक्य कुणी बोलले नव्हते, आणि त्या दिवशी मला त्याची फार गरज वाटत होती. खोपीवर पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. कुऱ्हाडी दारात रचून माणसे निघून गेली होती. मी थकलो होतो, मन खट्टू होते. कुऱ्हाडी तशाच आत ओढल्या आणि पडून राहिलो.

सकाळी आबा आले. आपली कुऱ्हाड उचलली आणि सवयीने विचारले, "बघितलीस का रं?"

मी म्हणालो, "व्हय, बघितली."

मी एरवी त्यांच्याशी शहरी बोलत असे. त्या सकाळी 'व्हय' म्हणालो. खोटे बोलताना आपण समोरच्याच्या जवळ सरकतो की काय, कोण जाणे.

तासाभराने मी लाकडांची मोजदाद करायला तिकडेच गेलो होतो. आबा एका ऐनाच्या बुंध्यावर घाव घालत होते. मावशी त्यांच्या मागे पंधरा पावलांवर मोळी आवळत होती. आबांनी कुऱ्हाड मागे नेऊन उचलली आणि पुढे आणली तो नुसता दांडाच. पाते मागच्या मागे सुटले होते. ते मावशीच्या डाव्या नडगीवर, पात्याच्या बोथट बाजूने बसले. धारेने बसले असते तर काय झाले असते, ते मला लिहवत नाही. ती ओरडली नाही. खाली बसली, पायाकडे पाहिले आणि म्हणाली, "मोडला वाटतं."

कुऱ्हाड चालू असताना तिच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडच्या रेषेत कुणी थांबू नये. थांबायचे तर बाजूला. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पण ती चाळीस वर्षे गावच्या कुऱ्हाडीमागे वावरली होती, आणि त्या कुऱ्हाडीचे पाते कधी मागे सुटत नाही.

माणसांनी बांबू फोडून पायाला दोन्हीकडून कामट्या बांधल्या. घोंगडीची झोळी करून ती धामणीच्या लांब काठीला लावली आणि आळीपाळीने खांदा देत लोणावळ्याच्या दवाखान्यात नेली. वाटेत मावशीच मधून मधून म्हणायची, "हळू चला, पडाल," जणू काही झोळीत दुसरेच कुणी होते.

डॉक्टर दक्षिणेकडचे होते. मराठी त्यांना फारसे समजत नसे, बोलत इंग्रजीतच. त्यांनी हाड बसवले, प्लास्टर घातले. मग आबा माझ्याकडे वळले.

"तुला त्यांची भाषा येती. इचार त्यास्नी, आवणीला उभी ऱ्हाईल का."

आवणी म्हणजे भाताची रोपे उपटून खाचरात लावणे. आषाढात पंधरा-वीस दिवस सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत पोटरीभर चिखलात वाकून उभे राहावे लागते. आबांना मूलबाळ नव्हते. खाचरे दोन, आणि लावणारी माणसे दोन. पाय चालेल की नाही, असे त्यांनी विचारले नाही. त्यांना एवढेच हवे होते, आणि त्यात सगळे आले.

मी विचारले. डॉक्टर म्हणाले की आत्ताच काही सांगता येणार नाही, हाड सरळ जुळले तर पाहू. चिखलाचे मात्र त्यांना कठीण दिसत होते.

"काय म्हणत्यात?"

आबांच्या चेहऱ्याकडे पाहून मी म्हणालो, "राहतील म्हणतात."

त्यांनी डोळे मिटून डोके हलवले. नंतर बाहेर पायरीवर बसून म्हणाले, "माज्याच हातनं झालं. हातातली कुऱ्हाड आपली आपुन बघावी. म्या बघितली न्हाई." मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. बोलायला त्याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी ती दोघे गाडीने कामशेतला आणि तिथून बैलगाडीने गावी गेली.

अक्षय्यतृतीया झाली, बाकीची माणसेही गेली. रचलेली लाकडे खाली नेईपर्यंत कुणीतरी राखायला हवे होते, म्हणून मी राहिलो. महिनाभर माझ्याखेरीज तिथे कुणी नव्हते. आठवड्यातून एकदा गाडीवान येई, लाकडे भरी आणि जाई. ओढ्यापलीकडे पालांच्या जागी चुलींचे काळे दगड तेवढे उरले होते. कधी कधी माझाच आवाज ऐकावा म्हणून मी पुस्तक मोठ्याने वाचत असे. मग आपण कुणासाठी वाचतो आहोत, हे मनात येऊन थांबत असे.

त्या महिन्यात मी बाराही कुऱ्हाडींचे दांडे काढले. पाते मोकळे करण्यासाठी लोक दांडा जाळतात. तसे करू नये, पोलादाचे पाणी उतरते. दांडा पात्याखाली कापावा आणि आतला तुकडा वरून ठोकून काढावा. नव्या दांड्यांसाठी धामणीच्या काठ्या मला आबांच्या पालाच्या जागी मिळाल्या. त्यांनी त्या थंडीत तोडून चुलीच्या धुरावर वाळवून ठेवल्या होत्या आणि न्यायच्या विसरल्या होत्या. धामण चिवट असते, हाताला झिणझिण्या आणत नाही. लाकडाची रेघ दांड्याच्या लांबीतून सरळ जायला हवी. ती मध्येच बाजूला निघाली असेल तर दांडा तिथेच मोडतो. दांड्याची लांबी ज्याची त्याला मोजून द्यावी, काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत. माझ्यासमोर कुणी नव्हते, म्हणून मी आठवणीने मापे धरली. एकेकाला डोळ्यांसमोर उभा करून दांडा तासला. पहिले दोन बिघडले. तिसरा बसला. पाचर मी खैराची केली, सुकी खडखडीत, आणि ठोकल्यावर पाते दगडावर आपटून, झटकून, पुन्हा आपटून पाहिले. मग करंजेल. पाणी नाही. पिंप मी उलथे करून ठेवले.

आबांचा दांडा मी सगळ्यात शेवटी केला. तो चांगला झाला. माझ्या हातून झालेले ते सगळ्यात चांगले काम आहे, असे म्हटले तर चालेल, पण ते पाहायला कुणी नव्हते, आणि आबा ती कुऱ्हाड पुन्हा हातात धरतील, असेही मला वाटत नव्हते.

मी कार्डे लिहीत होतो. आबांना वाचता येत नसे. गावात आलेले पत्र शाळेचे गुरुजी चावडीवर वाचून दाखवत, म्हणजे जे मी लिहीन ते साऱ्या गावाला ऐकू जाणार होते. या विचाराने तीन कार्डे फाडली. चौथे मी जूनमध्ये, पुण्याला जाताना कामशेत स्टेशनावर टाकले. त्यात एवढेच लिहिले होते, की आदल्या संध्याकाळी मी कुऱ्हाडी पाहिल्या नव्हत्या आणि सकाळी पाहिल्या म्हणून सांगितले. दांडे पाण्यात भिजवल्यामुळेच बिघडले होते. आणि डॉक्टर 'राहतील' असे म्हणाले नव्हते, ते माझे शब्द होते. शेवटी विचारले होते की मावशी आवणीला उभी राहिली का. तेव्हा आवणी सुरूही झाली नव्हती, हे पेटीत कार्ड पडल्यावर माझ्या लक्षात आले.

कॉलेजात मला पुन्हा घेतले होते. माझ्याबरोबरची मुले एक वर्ग पुढे गेली होती आणि नवी मुले आपापसात ओळखीची होती. खोलीत मी एकटाच होतो. आषाढात पाऊस लागला की मी वर्गात बसून खाचरे मोजत असे. आज रोपे उपटली असतील, आज पहिले खाचर, आज दुसरे. उत्तर येईना. श्रावणही अर्धा सरला. रागाने लिहिले नसेल, किंवा कार्ड पोचलेच नसेल, किंवा सांगण्यासारखे काही नसेल. तिन्हींपैकी कोणते बरे, हे मला ठरवता येईना.

एके दुपारी कार्ड आले. अक्षर गुरुजींचे होते, टपोरे आणि सरळ.

"आपले कार्ड पोचले. चावडीवर न वाचता त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखविले. त्यांनी ते दोन वेळा वाचावयास लाविले. उत्तर आवणी उरकल्यावर लिहा म्हणाले, म्हणून विलंब झाला. त्यांचे सांगणे असे: डॉक्टर तसे म्हणाले नाहीत हे त्यांना तेव्हाच कळले होते, कारण तुम्ही उत्तर फार लवकर दिलेत. कुऱ्हाडीचे मात्र कळले नव्हते. ते ऐकून त्यांनी कार्ड हातात घेऊन पाहिले. मग म्हणाले, लिहिलेस ते बरे केलेस. याउपर त्याविषयी लिहावयास सांगितले नाही.

आवणी झाली. बाई पहिल्या दिवशी खाचरात उतरल्या. दोन प्रहरी पाय सुजून आला आणि त्यांना उचलून वर घ्यावे लागले. पाय किंचित वाकडा जुळला आहे. चालतात. तेव्हापासून बांधावर बसून रोपांच्या मुठी पुढे फेकीत होत्या आणि लावणी आबांनी एकट्याने केली. एक खाचर लागले. दुसरे यंदा पडीक राहिले."